विमानातला गॅस सोडा, गाडीतला बघा

‘विमानांच्या एसीसाठी हरित गॅस’ अशा पोस्टी अधूनमधून फिरतात, खाली टाळ्यांचे इमोजी पडतात. पण एक साधी गोष्ट त्यात कुणी सांगत नाही. आपण ज्या मोठ्या विमानांतून जातो, त्यांतल्या बहुतेकांची केबिन गार करायला असला गॅस लागतच नाही. हवाच वापरतात. इंजिनातून दाबाखालची तापलेली हवा घ्यायची, बाहेरच्या थंड हवेनं तिची उष्णता काढायची आणि मग टर्बाइनमधून प्रसरण पावू द्यायची. ती गार होते. यात इंधन खर्ची पडतं, ते वेगळं. पण गळायला गॅसच नाही!

गॅसवाला एसी असतो छोट्या खासगी विमानांत आणि बऱ्याच हेलिकॉप्टरांत. (निवडणुकीत आपल्या मैदानांवर उतरतात ना, ती.) तिथं आर-134ए वापरतात. आणि हाच गॅस तुमच्या-माझ्या गाडीत आहे.

हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1430 पट तापवतो. एका कारमध्ये अर्धा किलो धरा. तो हवेत सोडला की सुमारे 300 लिटर पेट्रोल जाळल्याइतकं नुकसान. आणि गॅरेजमध्ये काय होतं? व्हॉल्व्हची पिन दाबतात, भुस्स, झालं काम! मग नवीन गॅस भरून बिल हातात. गॅस काढून साठवणारं मशीन असतं, पण ते वापरायला कोण सांगतंय?

युरोपात 2017 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये 150 पटींपेक्षा कमी तापवणारा गॅस सक्तीचा आहे. भारतात बनून तिकडे जाणाऱ्या गाडीलाही तो नियम पाळावा लागतो. मग इथल्या गिऱ्हाइकाला का नाही? किगाली करार आपण 2021 मध्ये मंजूर केला. त्यात आपला वापर 2028 ला गोठणार आणि 10 टक्के कपात 2032 ला. तोवर भुस्स चालूच.

‘नवा गॅस महाग आहे’ म्हणतील. आहेच, आणि त्याचे विघटित अंश पाण्यात साठतात ही तक्रारही खरी आहे. पण जुना गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घ्यायला नवा गॅस कशाला लागतो? आरटीओ पीयूसी मागतं, एसीच्या गॅसबद्दल चकार शब्द नाही.

एसी दरवर्षी गॅस मागत असेल तर तो गळतोय, एवढं लक्षात घ्या. आधी गळती काढायला लावा. आणि गॅरेजवाल्याला विचारा, ‘जुना गॅस कुठं गेला?’ काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.