चष्मा चढवला, पण कॅमेरा मांडला कुणी?

दुसऱ्याचं दुःख डोळ्यावर चढवून बघायची सोय होऊन आता दहा वर्षं उलटली. २०१५ च्या जानेवारीत दावोसला जगातल्या धनदांडग्यांनी डोक्याला यंत्र बांधून जॉर्डनमधल्या झातारी छावणीतली सिरियन पोरगी बघितली. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सनं दहा लाखांवर पुठ्ठ्याचे चष्मे वाचकांच्या घरी धाडले, तीन विस्थापित पोरं बघा म्हणून. मान वळवाल तिकडं छावणी. कळवळा आला, चष्मा काढला, कॉफी घेतली. पोरगी तिथंच.

आपल्याला यंत्राचं वावडं नाही. भानगड वेगळीच आहे. चारी बाजूंचं टिपणाऱ्या या कॅमेऱ्यामागं माणूस उभा राहूच शकत नाही; राहिला तर चित्रात येतो. म्हणून कॅमेरा मांडायचा आणि आपण दडून बसायचं. बघणाऱ्याला वाटतं, मध्ये कुणीच नाही. अरे, पण तो भाकरीपुढं मांडायचा की मुकादमापुढं, हे कुणीतरी ठरवलेलं असतंच ना!

८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीनं चिरडलं. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या सगळ्या देशानं पाहिल्या. त्यांना गावी पायी धाडणारा टाळेबंदीचा हुकूम कुठल्या कॅमेऱ्यात आला?

मुळशीत हे जुनंच आहे. १६ एप्रिल १९२१ ला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. वीज मुंबईला, पाणी मावळ्यांच्या भातखाचरांवर. इतिहासात सेनापती बापट राहिले. राहावेतच, तुरुंग भोगला त्यांनी. पण सावकारांनी मोबदल्याचा सौदा पत्करला तेव्हा कसणारं कूळ कुठं गेलं? आणि ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं तो गावकुसाबाहेरचा?

याच मुळशीतल्या बायांनी स्वतःचं जगणं जात्यावर सांगितलं. गी पॉइटवाँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवर गाणाऱ्या आपल्या आयाबहिणी आहेत. तिथं सांगणारी दडून बसत नाही; ओवी कुणाची ते नावानिशी नोंदलंय.

हिंजवडीही मुळशी तालुक्यातच. काचेच्या इमारतींत संगणकावर नवी जगं रचणारे तुमच्यातलेही काही असतील. त्याच इमारती बांधणारा परगावचा मजूर पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याच्यावर फिल्म काढायला निघाला असाल तर कॅमेरा आधी त्याच्या हातात द्या. तो कुठं मांडायचा ते तो सांगेल. आणि तुम्ही दडू नका, चित्रात या.