नळीच्या टोकाचं रोप आधी सुकतं

मध्यंतरी ओळखीचे एक ऊस बागायतदार शिवाजी पेठेत माझ्याकडं मुक्कामाला होते. सकाळी रंकाळ्याकडं फिरायला निघालो, तर थोडं चालून ते पोटरी धरून थांबले. "जरा दम खाऊया साहेब, वाताचा त्रास हाय." तीन-चार मिनिटांत दुखणं राहिलं. पुढं तेवढंच चालल्यावर पुन्हा पोटरी धरली.

चाललं की दुखतं, थांबलं की राहतं. असं असेल तर वात म्हणून सोडून देऊ नका. पायाला रक्त नेणारी रोहिणी अरुंद झालेली असू शकते.

ठिबकची नळी क्षारानं चोंदली, की टोकाचं रोप आधी सुकतं. पायाचंही तसंच. रोहिणीत आतून चरबीचा थर साचतो. सुरुवातीला काहीच कळत नाही. मग चालताना पोटरी धरते. दुखणं वाढलं, तर थांबण्याचं अंतर कमी होत जातं. पुढं रात्री अंथरुणात पाय ठणकतो, खाटेखाली सोडला की बरं वाटतं. शेवटी बोटाची जखम भरत नाही, बोट काळं पडतं, पाय कापायची पाळी येते. मधुमेहात पाय बधिर झाला असेल, तर एकदम जखमच दिसते.

तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि रक्तातली चरबी ही यामागची मुख्य कारणं. १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी आंदोलन केलं. ती मागणी रास्तच होती. पण विडी ओढणारा पायानं जी किंमत मोजतो, तिचा हिशेब आपण मांडत नाही.

आरोग्य शिबिरात दंडाला पट्टा बांधतात, पायताण मात्र कुणी काढायला लावत नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पायाची नाडी तपासण्याचा आग्रह धरावा. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीहून कमी भरला, तर रोहिणी अरुंद झाल्याचं डॉक्टर सांगतात.

विडी-तंबाखू पूर्ण सोडा. डॉक्टरांच्या सल्ल्यानं दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. जखम असेल किंवा रात्री पाय ठणकत असेल, तर मात्र आधी दवाखाना गाठा. गरम शेक नको, ब्लेडनं कुरूप कापणं नको, शेतात अनवाणी जाणं नको.

ठिबक बिघडलं की आपण टोकाला जाऊन बघतो. आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायाची बोटंही तशीच बघा.