हँडहेल्ड ट्यूनर घेताय? आधी ऑक्टेनचा आकडा नीट वाचा

ओबीडी पोर्टला जोडून काही मिनिटांत इंजिनाची पॉवर वाढवणारा हँडहेल्ड ट्यूनर अमेरिकेतल्या मस्टँगप्रेमींचा आवडता आहे. भारतातल्या मस्टँगसाठी तो मागवताना मात्र एक आकडा फसवू शकतो. त्यातला '९१ ऑक्टेन' मॅप अमेरिकी एकेआय मोजणीचा, म्हणजे साधारण ९५-९६ आरओएन. आपल्याकडे पेट्रोलचा आकडा आरओएनमध्ये सांगतात, म्हणजे इथले ९१ हे आरओएनच. आकडा तोच, पण नॉकिंग रोखण्याची ताकद कमी. अशा पेट्रोलवर तो मॅप चालवला, तर पिस्टनला इजा होऊ शकते. म्हणून आधी पेट्रोल ठरवावे, मग मॅप निवडावा. मूळ फाइल जपावी, डेटालॉगमध्ये नॉकिंग दिसताच ॲक्सिलरेटर सोडावा. थोड्या हॉर्सपॉवरसाठी अख्खे इंजिन पणाला लावणे शहाणपणाचे नाही.