डोळ्यांत दोन थेंब

दिवाळीच्या फराळाबरोबर डोळ्यांच्या औषधाचा विषय काढणे रसिकपणाचे नव्हे, हे मला कळते. पण सणाला घरची सारी माणसे एकत्र जमतात, आणि हा विषय एकट्याने वाचून सोडून देण्यासारखा नाही. म्हणून यंदा तोच घेतला.

आमचे पूर्णा हे रेल्वेचे गाव. परभणी, नांदेड आणि हिंगोली-अकोला अशा तीन वाटा येथे मिळतात. दुरून तांबडा दिवा कोणता आणि हिरवा कोणता हे ओळखता आले नाही तर इंजिन हाती मिळत नाही, हे येथले पोरसुद्धा जाणते. नवल एवढेच, की नोकरीत असेपर्यंत डोळ्यांना इतके जपणारी मंडळी पेन्शन सुरू झाली की डोळ्यांची तपासणीही संपली असे समजतात.

आमच्या शेजारी असेच एक निवृत्त गृहस्थ आहेत. मधुमेह बरीच वर्षे मुरलेला. डॉक्टरांनी दोनदा सांगितले, ‘थेंब घालून आतला पडदा पाहू या.’ दोन्ही वेळा हे उठून घरी आले. ‘मला फळ्यावरची शेवटची ओळ वाचता येते, मग थेंब कशाला? उगीच दिवसभर आंधळे करून ठेवतात!’ हे त्यांचे उत्तर. शेवटी श्रावणात मुलाने हट्ट धरला आणि त्यांना नांदेडला नेले. पडद्यावर बारीक रक्तस्राव निघाले. लेसरचे उपचार वेळेवर झाले म्हणून दृष्टी टिकली. फळ्यावरची अक्षरे नीट दिसत असतानाही मधुमेह आतला पडदा पोखरत असतो, हे मला तेव्हा डोळ्यांदेखत पटले.

हे थेंब करतात तरी काय? बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधोमध असलेली खिडकी. डॉक्टरने आत पाहायला उजेड टाकला की ती आपोआप लहान होते. किल्लीच्या भोकातून माजघर पाहण्यासारखाच तो प्रकार! थेंबांनी बाहुलीभोवतीचा स्नायू सैल पडतो, खिडकी सताड उघडते आणि मागचा पडदा कडेपर्यंत दिसतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने 1851 साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले, तेव्हापासून वैद्यांना या उघड्या खिडकीचे मोल कळले.

यातले जुने औषध अॅट्रोपिन. ते बेलाडोना या वनस्पतीत सापडते, आणि आपला धोतरा तिच्याच कुळातला. महाशिवरात्रीला औंढा नागनाथाला धोतरा वाहणाऱ्यांना हे ठाऊक असो वा नसो. पण खुरपताना धोतऱ्याचा रस हाताला लागला आणि त्याच हाताने डोळा चोळला, तर एकच बाहुली मोठी होऊन बसते. अॅट्रोपिनचा अंमल आठवडा-दोन आठवडे राहतो. म्हणून मोठ्या माणसांच्या साध्या तपासणीला बहुधा ट्रोपिकामाइड वापरतात. ते 20 ते 30 मिनिटांत चढते आणि साधारण चार ते आठ तासांत उतरते. काळ्या डोळ्यांना थोडा अधिक वेळ लागतो.

औषध भिण्यासारखे नाही, पण बेफिकिरीने घेण्यासारखेही नाही. शिबिरात रांग मोठी असते. विचारायला कोणाला सवड झाली नाही तर आपण होऊन सांगावे. स्वतःला किंवा आईबाप, भावंडांपैकी कोणाला काचबिंदू आहे काय? काहींच्या डोळ्यांतील पाणी निचरण्याची वाट मुळातच अरुंद असते. बाहुली पसरली की ती बुजते आणि दाब एकदम चढतो. काचबिंदू असलेल्या प्रत्येकाला थेंब वर्ज्य नाहीत. मात्र डॉक्टरने ती वाट आधी पाहिलेली बरी. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास तेही सांगावे, कारण काही थेंबांत फेनिलेफ्रिन असते आणि ते रक्तवाहिन्या आकसवते. गरोदरपण, पूर्वी एखादे औषध बाधले असल्यास ते, चालू गोळ्या, डोळ्यांतील भिंगे, यांतले काही लपवू नये.

थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबावा. औषध नाकावाटे घशात उतरते, म्हणून तर तोंड कडू होते. दाबल्याने रक्तात कमी जाते. मुलांच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. चष्म्याचा नंबर काढण्यासाठी मुलांना कधी कधी अॅट्रोपिन घरी घालायला देतात. मुलाचा चेहरा लाल झाला, अंग तापले, तोंड कोरडे पडले किंवा ते असंबद्ध बडबडू लागले, तर पुढचा थेंब न घालता ताबडतोब डॉक्टरकडे जावे. घातल्यावर हात धुवावेत आणि बाटली कुलपात ठेवावी. तो धोतऱ्याच्याच जातीचा विषार आहे, हे विसरू नये.

परतताना सोबतीला माणूस हवा. उजेडाने डोळे दिपतात, जवळचे अक्षर पुसट होते. काळा चष्मा लावावा. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि विहिरीचा काठ त्या दिवशी वर्ज्य. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवसाची ड्यूटी घेऊच नये. आणि डोळा ठणकू लागला, लाल झाला, डोके दुखून उलटी आली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नये. असे क्वचितच घडते. पण घडले तर रात्रीच डॉक्टरचे दार ठोठवावे.

मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी हा पडदा तपासून घ्यावा. त्याला खर्ची पडतो तो एक दिवस आणि सोबतीच्या माणसाचा थोडा वेळ. सणाला घर भरलेले आहे तोवर, सोबत कोण जाणार एवढे ठरवून टाका.