गच्चीवरचा मळा

इतवारीत किराण्याची घाऊक दुकाने आहेत, धान्याच्या वखारी आहेत, सराफा आहे. नाही ती फक्त मोकळी माती. भिंतीला भिंत लागलेल्या या वस्तीत अंगणच दुर्मीळ, तेथे परसातला भाजीचा वाफा कोठून असणार? मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे झेपावला की बाजारातील पालकाची जुडी बारीक होते, सांबार महागतो आणि वसतिगृहाच्या ताटातील हिरवा रंग नकळत नाहीसा होतो.

ही बाब क्षुल्लक नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. केवळ पालेभाजीने हा आजार हटणार नाही. लोहाच्या गोळ्या, डाळी आणि भाजीवर पिळलेले लिंबू हेही हवेच. पण जी मुले आपल्या भरवशावर घर सोडून येतात, त्यांच्या ताटात बारमाही पालेभाजी असावी, एवढी जबाबदारी निवासी शाळेने स्वीकारली पाहिजे. म्हणूनच, शाळेने गच्चीवर मातीविना शेतीचे एक लहान हरितगृह उभारावे, असे माझे मत आहे.

‘ही परदेशी चैन आपल्याला कशाला?’ असा आक्षेप येईल. परंतु बंगालमधील कालिंपाँग येथे १९४० च्या दशकातच खडी-वाळूचे वाफे आणि साध्या क्षारांची मिश्रणे वापरून हे प्रयोग झाले होते. तत्त्व सोपे आहे : मुळांना हवे असते ते पाणी, प्राणवायू आणि विरघळलेली अन्नद्रव्ये. पाण्याचा सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखला आणि तेच पाणी फिरवून वापरले, की पीक येते.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. वीज गेली तर नळ्यांतील पाण्याचा पातळ प्रवाह थांबतो आणि उन्हाळ्यात मुळे लवकरच सुकतात. म्हणून आपल्याला तरंगत्या तक्त्यांचे उथळ टाके अधिक सोयीचे. मात्र टाक्यांचे वजन गच्ची पेलेल का, हे अभियंत्याकडून आधी तपासून घ्यावे. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो व मुळे कुजतात. तेव्हा टाक्यांवर सावली हवी. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात घरचा कूलर ज्या तत्त्वावर गारवा देतो, त्याच तत्त्वावर हरितगृहही थंड ठेवता येते. पावसाळ्याच्या दमट हवेत तो उपाय लंगडा पडतो. हॉटेलांसाठीच्या लेट्यूसचा मोह टाळावा. उन्हाळ्यात चवळाई आणि पोई, हिवाळ्यात पालक आणि सांबार, हाच आपला क्रम असावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. शेत लहान की मोठे, हे केवळ क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्याच्या प्रमाणात भांडवल, अवजारे आणि श्रम किती, यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. गच्चीचा विचार करताना हाच निकष लावावा. त्याच वेळी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांचा सत्याग्रहही विसरता कामा नये. पाण्यावर भाजी पिकली म्हणून जमिनीवरचा हक्क सुटत नाही. ती मागणी कायमच आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच, की मोठ्या देणगीची वाट न पाहता चार टाक्यांपासून आरंभ करू या. सामू मोजणे, रोपे लावणे, विजेचा खर्च आणि निघालेल्या भाजीचे वजन मांडणे ही कामे नववीच्या विद्यार्थ्यांकडे द्यावीत. वर्षअखेरीस हिशेब सर्वांसमोर वाचला जावा. तोटा आला तर तोही. प्रयोग फसला तरी मुले मोजायला शिकतील, आणि साधला तर मे महिन्यातही वसतिगृहाच्या ताटात पालेभाजी असेल.