ध्वनिमुद्रणाच्या साधनांची मालकी कोणाकडे?

डॉ. आंबेडकर जयंती जवळ येऊ लागली की छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यावस्त्यांतून नव्या भीमगीतांची तयारी सुरू होते. या गीतांच्या ध्वनिमुद्रणासाठी मुंबईच्या महागड्या स्टुडिओची वाट धरण्याची आता गरज उरलेली नाही. एका खोलीत संगणक, एक मायक्रोफोन, आवाज संगणकात उतरवणारी लहानशी पेटी आणि घुमणारा आवाज दाबण्यासाठी भिंतीला टांगलेल्या गोधड्या, एवढ्यावर काम भागते. पण या खोल्यांतून जी चर्चा चालते ती ऐकावी. प्रोटूल्स चांगले की एफएल स्टुडिओ? ऑडिशन की ऑडॅसिटी? कशात किती ट्रॅक, कशात किती इफेक्ट? बाजारात दोन पंख्यांची तुलना करावी तशी ही तुलना. साधन कोणाच्या मालकीचे आहे आणि ते उद्या कोण काढून घेऊ शकते, हा प्रश्न या चर्चेत येतच नाही. आणि परिवर्तनाची गाणी गाणारी कलापथकेही त्याला अपवाद नाहीत, ही खरी खेदाची बाब आहे.

वस्तुतः हा प्रश्न जुना आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कलकत्त्यात गौहर जानचा आवाज मुद्रित केला तेव्हा त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या गेल्या. गळा इथला, यंत्र तिथले. पुढे डमडमला कारखाना निघाला, तरी कोणाचे गाणे तबकडीवर चढावे हे कंपनीच ठरवीत राहिली. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून गायिलेल्या गीतांपैकी कितीतरी गीते श्रोत्यांच्या स्मरणातच राहिली. १९८० च्या दशकात कॅसेट आली, तबकडीची मक्तेदारी मोडली आणि लोकगायकांचा आवाज चहाच्या टपरीपर्यंत पोचला. मात्र मुद्रणाचे यंत्र आणि विक्री व्यापाऱ्याकडेच राहिली, गायकाच्या हाती बहुधा एकरकमी मानधन पडले. संगणकाने प्रथमच ध्वनिमुद्रणाचे साधन शाहिराच्या घरात आणले. नेमक्या याच क्षणी भांडवलाने नवी युक्ती काढली: साधन विकायचेच नाही, भाड्याने द्यायचे.

कूल एडिट प्रो हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर अनेकांच्या परिचयाचे होते. २००३ मध्ये ॲडोबीने ते विकत घेऊन त्याचे ऑडिशन केले आणि २०१३ पासून नवी आवृत्ती केवळ वर्गणीवर देण्यास सुरुवात केली. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबले. प्रोटूल्सची मालक असलेली ॲव्हिड कंपनी २०२३ मध्ये एका खाजगी गुंतवणूक संस्थेने सुमारे १४० कोटी डॉलरना घेतली. त्या गुंतवणुकीचा परतावा वर्गणीदारांच्या खिशातूनच निघणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. ज्या मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याने कुळाला संरक्षण दिले, तेथील कलावंत आज कोणत्याही कूळकायद्यावाचून परदेशी जमीनदाराचे कूळ होऊन बसतो आहे!

यावर काही जण म्हणतात, भाडे कशाला? फुकट मिळते ते घ्या. या भाबडेपणाला केकवॉकची हकिगत पुरेशी आहे. गिब्सन कंपनीने ते २०१३ मध्ये घेतले आणि २०१७ मध्ये त्याचे काम एकाएकी बंद केले. २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते उचलून फुकट वाटले, आणि जगभरच्या घरगुती कलावंतांनी आपले काम त्यावर उभे केले. २०२३ मध्ये घोषणा झाली की नवे सोनार विकत घ्यावे लागेल व जुने फुकट उत्पादन बंद होईल. २०२५ मध्ये सोनारचीही एक फुकट श्रेणी निघाली. देणे आणि काढून घेणे दोन्ही मालकाच्या मर्जीने. वापरणाऱ्याला विचारले कोणी?

दुसरा पक्ष अधिक जहाल. धनाढ्य कंपनीचे सॉफ्टवेअर कुलूप फोडून वापरणे हा गरिबाचा हक्कच आहे, असे त्याचे म्हणणे. भाषा क्रांतिकारक, परिणाम नेमका उलटा. चोरून वापरणाऱ्याचा हात त्याच साधनाला सरावतो, दुसरे साधन त्याला परके वाटू लागते आणि पुढे चार पैसे मिळू लागले की तोच त्या कंपनीचा वर्गणीदार होतो. शिवाय प्रताधिकार कायद्याचे कलम ६३ ब जाणूनबुजून नकली प्रणाली वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास सांगते. कबीर कला मंचाच्या कलावंतांना तुरुंग पाहावा लागला त्या राज्यात, सत्तेला नको असलेल्या शाहिराने पोलिसांच्या हाती हे आयते निमित्त का द्यावे?

मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग यांहून वेगळा आहे. मूळ संहिता सर्वांना खुली. वापरावी, अभ्यासावी, बदलावी, वाटावी. १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेले ऑडॅसिटी या परवान्याखाली आहे. २०२१ मध्ये ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेले आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याच्या बेताने गदारोळ उठला. म्हणजे इथेही कंपनी आलीच, असे टीकाकार म्हणतील. आली खरी, पण परवाना मुक्त असल्यामुळे असंतुष्टांनी तीच संहिता घेऊन टेनॅसिटी नावाची वेगळी शाखा काढली, आणि कंपनीलाही बेत आवरता घ्यावा लागला. बंद सॉफ्टवेअरच्या वापरणाऱ्याला आरडाओरडा करता येतो. तोही वाया जात नाही: २०२३ मध्ये वेव्हज कंपनीने कायम विक्री बंद करून केवळ वर्गणी ठेवल्याचे जाहीर केले तेव्हा ग्राहकांच्या संतापापुढे काही दिवसांतच तिला माघार घ्यावी लागली. परंतु संतापावाचून त्यांच्या हाती दुसरे काही नव्हते.

ऑडॅसिटी सर्व कामांस पुरते असा दावा करण्याचे कारण नाही. भाषण मुद्रित करणे, कापणे-जोडणे, जुन्या फितीची खरखर कमी करणे यांसाठी ते उत्तम. त्याच्या तिसऱ्या मालिकेत मराठीचा पर्यायही आहे. गायक, कोरस, ढोलकी, पेटी यांचे वेगवेगळे ट्रॅक घेऊन त्यांचे मिश्रण करायचे तर पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले आर्डर घ्यावे. त्याची संहिता मुक्त आहे. तयार प्रतीसाठी थोडी वर्गणी मागितली जाते, पण लिनक्सच्या अनेक वितरणांत ते विनामूल्य मिळते. ते शिकण्यास मात्र अवघड, आणि भारतीय वाद्यांचे तयार नमुने त्यात नाहीत. ही उणीव शाहिराने फारशी मनावर घेऊ नये. तयार ढोलकीच्या तुकड्यांनी जिवंत ढोलकीवाल्याची रोजी किती हिरावली, याचाही हिशेब व्हायला हवा. रीपर हे सॉफ्टवेअर बंद असले तरी प्रामाणिक आहे: अल्प उत्पन्नाच्या कलावंताला साठ डॉलरमध्ये परवाना, भाडे नाही. ज्याला आर्डर झेपत नाही त्याने ते घेतले तर दोष देता येणार नाही. चित्रपटाच्या स्टुडिओत नोकरी शोधणाऱ्या तरुणाने प्रोटूल्सही शिकावे, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. कलापथकाचा प्रश्न निराळा आहे.

केरळच्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, आणि तेथील 'काइट' या शासकीय संस्थेने शाळांना दिलेल्या प्रणालीत ऑडॅसिटी आहे. महाराष्ट्र शासनाकडून याची अपेक्षा धरणे व्यर्थ. परंतु मराठवाड्यातील जिल्हा समित्यांना कोणी अडवले आहे? छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात लिनक्स, ऑडॅसिटी आणि आर्डर असलेला एक संगणक कलापथकांसाठी खुला ठेवण्यास मोठा निधी लागत नाही, आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवणारा साथी लागतो. प्रत्येक मुद्रण त्या त्या सॉफ्टवेअरच्या फाइलीत कोंडून न ठेवता सर्व ट्रॅक वेव्ह स्वरूपात वेगळे जतन करावेत, म्हणजे उद्या कोणतेही सॉफ्टवेअर बंद पडले तरी गाणे अडकणार नाही. आणि पहिले काम जुन्या कॅसेटचे. १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत नामांतराच्या लढ्यात गायिली गेलेली गाणी कार्यकर्त्यांच्या घरी पेट्यांतून पडून असतील तर चुंबकीय फीत दर पावसाळ्याला आणखी खराब होत असणार. त्या फिती येत्या जून महिन्याच्या आत कार्यालयात गोळा कराव्यात.