रीलमधली ‘घरची बिअर’: बुडबुडे थांबले म्हणजे तयार झाली का?

काचेची बरणी, झाकणावर वाकडी नळी आणि त्यातून येणारे बुडबुडे. ‘बुडबुडे थांबले की बाटलीत भरा’, असं सांगणारे घरगुती बिअरचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. दुसरीकडे परभणी जिल्ह्यातल्या हातभट्टीवरच्या छाप्यांच्या बातम्यांत ‘गूळमिश्रित रसायन नष्ट’ हे शब्द नेहमी वाचायला मिळतात. बरणीतली बिअर आणि भट्टीवरचं ‘रसायन’, दोन्हींत होणारी प्रक्रिया एकच आहे : किण्वन, म्हणजे आंबणं.

ते संपलं हे ओळखायचं कसं? आणि मुळात घरी बिअर बनवता येते का?

आत नेमकं काय होतं?

यीस्ट हा सूक्ष्मजीव साखर खातो आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर करतो. वजनाने पाहिलं तर साखरेचा जवळपास अर्धा भाग वायू होऊन निघून जातो. बुडबुडे त्याचेच असतात. म्हणून बुडबुडे थांबले की काम संपलं, असं वाटणं साहजिक आहे.

मग बुडबुडे का फसवतात?

झाकण थोडं सैल असलं तर वायू दुसरीकडून निघतो. आत किण्वन जोरात चालू असलं तरी नळी शांत दिसते. उलटही होतं. द्रव तापला की त्यात विरघळलेला वायू बाहेर पडतो. यीस्टचं काम थांबलेलं असलं तरी दुपारी बुडबुडे येतात आणि रात्री गारव्याने बंद होतात.

परभणीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. बिअरचे अनेक यीस्ट १८ ते २२ अंशांत नीट काम करतात. एवढ्या उष्णतेत ते मरगळतात आणि किण्वन अर्ध्यावर अडकू शकतं.

खात्रीची पद्धत कोणती?

घनता मोजणं. दूध संकलन केंद्रावर दुधात लॅक्टोमीटर सोडतात, तसंच हायड्रोमीटर हे साधन असतं. साखर जास्त असेल तर ते वर तरंगतं, साखर संपत गेली की खाली बुडतं.

समजा, सुरुवातीला आकडा १.०५० होता आणि शेवटी १.०१० वर आला. याचा अर्थ अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के. पण इथे दोन गोष्टी एकत्र तपासाव्या लागतात. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेला आकडा तोच राहिला पाहिजे आणि तो अपेक्षित शेवटाच्या जवळ असला पाहिजे. आकडा १.०३० वरच थांबला असेल, तर किण्वन बहुधा संपलेलं नाही, अडकलं आहे.

तापमानही बघावं लागतं. अनेक हायड्रोमीटर २० अंशांसाठी बनवलेले असतात. ४० अंशांना पाण्याचीच घनता सुमारे ०.००६ ने कमी भरते. म्हणजे गरम नमुन्यात आकडा खोटा कमी दिसतो आणि न संपलेलं किण्वन संपल्यासारखं वाटतं.

घाई केली तर?

एक लिटर बिअरमध्ये ४ ग्रॅम साखर शिल्लक राहिली आणि ती बंद बाटलीत आंबली, तर साधारण २ ग्रॅम वायू तयार होतो. साखर त्याहून बरीच जास्त राहिली तर दाब वाढत जातो आणि काच फुटू शकते. हात आणि डोळे यांना इजा होण्याचा धोका इथेच असतो.

हातभट्टीचं काय?

तिथे फेस, वास आणि चव यांवरच अंदाज बांधला जातो. रसायन बाटलीत न भरता थेट उकळलं जातं, त्यामुळे बाटली फुटण्याचा प्रश्न येत नाही. पण ‘नीट आंबली नाही म्हणून दारू विषारी झाली’ हा समज चुकीचा आहे. गुळाच्या किण्वनातून मिथेनॉल अगदी नगण्य तयार होतं. मोठ्या विषबाधांमागे सहसा औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत अशाच दारूने शंभरहून अधिक बळी घेतले.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देशी मद्यावरचं उत्पादन शुल्क प्रति प्रूफ लिटर १८० वरून २०५ रुपये केलं. परवान्याची दारू महागली की गरीब ग्राहक हातभट्टीकडे वळण्याची शक्यता वाढते. शुल्कवाढीसोबत भेसळीवर नजर ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं ठरतं.

कायदा काय म्हणतो?

घरी बिअर बनवायला ब्रिटनने १९६३ मध्ये परवान्याची अट काढली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरत्या बिअरला मुभा दिली. बरेच व्हिडिओ अशाच देशांतून येतात.

महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा कलम ६५ खाली गुन्हा आहे. मद्य बनवण्याच्या हेतूने साहित्य किंवा भांडी बाळगणंही त्यात येतं. शिक्षा तुरुंगवास आणि दंडाची आहे. व्यवसायासाठी मायक्रोब्रुअरीचा परवाना मिळतो, पण ‘विकायची नाही, स्वतःसाठीच बनवली’ हा बचाव परवान्याची जागा घेत नाही.

थोडक्यात, किण्वन संपलं की नाही हे बुडबुडे नव्हे, स्थिर राहिलेला आकडा सांगतो. पण महाराष्ट्रात तो आकडा मोजण्याची वेळ येण्याआधीच परवान्याचा प्रश्न उभा राहतो आणि रीलमध्ये नेमकं तेच सांगितलेलं नसतं.